तुटक रेषेने काढलेला नारू

अंतोबा मयेकर वारला ही बातमी मला कुणी रडत येऊन सांगितली नाही. ती एका चिठ्ठीतून आली, आणि चिठ्ठी होती आमच्या मंडळाच्या अध्यक्षांची. 'मयेकर परवा गेले. शनिवारच्या सभेसाठी दुखवट्याचा ठराव तयार ठेवावा. चार ओळी पुरेत. मंडळाचे हितचिंतक व उत्तम चितारी, असे घालावे. शास्त्राचा उल्लेख नको, उगाच गैरसमज होतात.' मी ती चिठ्ठी उभ्यानेच वाचली आणि प्रथम माझ्या मनात काय आले असेल, तर ठराव कुठल्या कागदावर लिहावा! माणूस गेला हे त्यानंतर ध्यानात आले. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून सहा वर्षे काढली की माणसाचे असे होते.

अध्यक्षांचे नाव मी इथे लिहीत नाही. भीतीमुळे नव्हे. त्यांना आपले नाव छापून आलेले फार आवडते, आणि तेवढेही सुख त्यांना माझ्या हातून मिळू नये अशी इच्छा आहे. ते डॉक्टर आहेत, गिरगावात त्यांचा दवाखाना आहे, दारात गाडी उभी असते, आणि मुंबईत शास्त्रीय विचार असा जो काही आहे तो आपल्यापासून सुरू होतो व आपल्यापाशी संपतो अशी त्यांची समजूत आहे. त्या समजुतीला आम्ही वीस-पंचवीस शिकलेली माणसे दर पंधरा दिवसांनी टाळ्या वाजवीत होतो.

अंतोबाच्या आजारात मी शेवटचे पंधरा दिवस त्याच्याकडे फिरकलो नव्हतो. त्याची फणसवाडीतली खोली माझ्या घरापासून पानाला चुना लावून होईपर्यंत चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्याच्या पायाला घाण सुटली होती, आणि मी शाळामास्तर असल्याने मुलांच्या परीक्षा हे सांगायला बरे कारण होते. दुसऱ्यांविषयी जे लिहिणार आहे ते वाचण्याआधी वाचकांनी हेही वाचून ठेवावे.

अंतोबा मालवणकडचा. बाप होड्या बांधणारा. मुलाचा हात चित्रात चालतो म्हणून कुणा साहेबाच्या शिफारशीवर तो मुंबईला आला, चित्रशाळेत दोन वर्षे शिकला आणि पुढे एका इस्पितळात चितारी म्हणून चिकटला. चितारी म्हणजे राजेरजवाड्यांच्या तसबिरी करणारा नव्हे. इस्पितळात येणाऱ्या जखमा, गाठी, सुजलेले पाय, सडलेली बोटे यांची हुबेहूब चित्रे काढून द्यायची, म्हणजे साहेब डॉक्टरांना ती पुस्तकात छापता येतात, हे त्याचे काम. तो बुटका, दाट भुवयांचा, बोलताना हनुवटी खाजवणारा माणूस होता. बायको यमुनावहिनी, मूलबाळ नव्हते. मंडळाच्या व्याख्यानांसाठी मोठाले तक्ते रंगवून हवे असत, म्हणून मीच त्याला एकदा बोलावले, आणि मग तो दर सभेला येऊन भिंतीशी मागच्या बाकावर बसू लागला. त्याला इंग्रजी जेमतेम वाचता येई. मंडळात तेवढ्यावरून त्याची किंमत ठरली.

आमचे मंडळ म्हणजे काय होते ते सांगितलेच पाहिजे. कुणी तरी एखाद्या विलायती पुस्तकातले प्रकरण मराठीत आणून वाचायचे, अध्यक्षांनी समारोप करायचा, मग पानसुपारी. खोलीच्या मध्यभागी काचेच्या हंडीखाली पितळेचे सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवलेले असे. अध्यक्षांनी ते विलायतेहून येताना आणलेले. दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचा हार घालीत असू. त्यातून कुणी काही पाहिल्याचे मला आठवत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक समारोपात अध्यक्षांचे एक वाक्य ठरलेले होते: "सद्गृहस्थहो, कल्पना ही कवींची मिरास. शास्त्रात तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका." आम्ही माना डोलवीत असू. इतका वेळ माना डोलवल्या की मानेवर काही आहे की नाही याचा विसर पडतो.

नारू कसा असतो हे वाचकांना निराळे सांगायला नको, पण ज्यांच्या घरी सुदैवाने आला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि आतून सुतासारखा पांढरा किडा डोके काढतो. हातभर, कधी दोन हात लांब. तो ओढायचा नाही. काडीवर गुंडाळीत रोज बोट-दोन बोटे बाहेर घ्यायचा, आणि महिनाभर धीर धरायचा. तुटला तर आतला भाग सडतो व माणूस पायाला, कधी जिवाला मुकतो. हे कोकणातल्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. पण तो अंगात येतो कुठून? इस्पितळात अंतोबाने नारूची इतकी चित्रे काढली की हा प्रश्न त्याच्या डोक्यातच बसला. पुस्तकांतले उत्तर तयार होते, आणि तेच अध्यक्षांचे होते. ओल्या मातीतून बारीक किडा तळपायाच्या कातडीत शिरतो आणि तिथेच वाढतो. पुरावा म्हणून पखालवाल्यांकडे बोट दाखवीत. पाण्याने भरलेली कातडी पखाल पाठीवर, तर नारूही पाठीवर निघतो. म्हणजे पखालीच्या ओलीतून तो तिथे शिरतो. झाले, सिद्ध!

एका सुटीच्या दिवशी अंतोबाने मला परळला ओढून नेले. ट्राम जिथवर गेली तिथवर ट्रामने, पुढे पायी. तिथे गिरणीच्या मागे एक तलाव आहे. पायऱ्यांवर धोंडू नावाचा गिरणीकामगार घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसला होता. त्याच्या पायाला नारू होता. इस्पितळात अंतोबाने त्याच्या पायाचे चित्र काढले होते, ती ओळख.

"पाण्यात कशाला बसलास रे?" मी विचारले.

"आग आग होता हो मास्तर," तो म्हणाला. "पाण्यात पाय घातलो काय जरा बरां वाटता."

अंतोबाने मला खाली वाकायला लावले. पाणी लागताच फोडातून दुधासारखे काही तरी निघून पाण्यात पसरत होते. त्याच तलावात चार पायऱ्या पलीकडे बायका घागरी भरीत होत्या. मी तोंड फिरवले. अंतोबा मात्र हनुवटी खाजवीत बसून राहिला. परतताना लालबागपाशी एकदम म्हणाला, "सेक्रेटरी, तू नारू आहेस असं धर."

"मी कशाला नारू होऊ?"

"अरे, धर तर खरं! तू अंधारात आहेस. पोट पिल्लांनी भरलंय. पिल्लं पाण्यात सोडायचीत, पण तू माणसाच्या मांसात अडकलेला. माणूस काही तुझा नोकर नाही. मग त्याला पाण्यापर्यंत न्यायचा कसा?" तो रस्त्यातच थांबला. "त्याच्या पायाला आग लावायची! तो आपण होऊनच पाण्याकडे धावतो. पखालवाल्याच्या पाठीत नारू शिरत नाही रे. तिथून तो निघतो. कारण तिथे ओल आहे हे त्याला आतून कळतं."

मी हसलो. ती थट्टा मला आवडली होती. आपण काय ऐकतो आहोत हे मला कळले नाही... एकच पखाल, एकच पाठ, तोच नारू. पुस्तकाने त्यात आत जाणारा किडा पाहिला, अंतोबाने बाहेर पडू पाहणारा. दोघांच्याही डोळ्यांना दिसत होते ते सारखेच. उरलेले दोघांनीही मनानेच भरून काढले होते. पण आमच्या मंडळात एकाला शास्त्र म्हणत आणि दुसऱ्याला कल्पना.

पुढे महिनाभर तो फणसवाडीतल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी आणी, काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवी आणि भिंग लावून बघत बसे. वाडीतली जुनी मंडळी नळाचे पाणी पीत नसत, कारण तोटीत चामडे असते. पण ज्या विहिरीत चार जण नारूचे पाय धूत, तिचे पाणी सोवळ्याला चाले. त्या पाण्यात अंतोबाला तिळाच्या टोकाएवढे पांढरे किडे उड्या मारताना दिसले. मग त्याने धोंडूला घरी बोलावून त्याचा पाय त्या बरणीत बुडवला. भिंगातून केसाच्या तुकड्यांसारखे काही वळवळताना दिसले, आणि दुसऱ्या दिवशी ते नाहीसे झाले. किडे मात्र होते तिथेच होते.

या सगळ्याचे त्याने एक मोठे चित्र केले आणि मंडळात आणले. धोंडूचा पाय, नारू, पाणी, पाण्यातला किडा शंभरपट मोठा करून. किड्याच्या पोटात गुंडाळलेले नारूचे पिल्लू. मग पाणी पिणारा माणूस, त्याचे पोट, आणि पोटापासून घोट्यापर्यंत उतरणारी वाट. चित्र इतके सुंदर होते की मागच्या बाकांवरची मंडळीही पुढे सरकली. मग अध्यक्षांनी चष्मा लावला.

"काय रे मयेकर, या किड्याच्या पोटातलं पिल्लू तू पाहिलंस?"

"नाही, साहेब."

"आणि ही वाट? माणसाच्या पोटातून पायापर्यंत? ती पाहिलीस?"

"नाही, साहेब. म्हणून तर ती तुटक रेषेनं काढलीय." अंतोबा पुढे येऊन बोटाने दाखवू लागला. "चित्रशाळेत यंत्रांचे नकाशे काढायला शिकवतात, तिथे नियम आहे. डोळ्यांना दिसतं ते अखंड रेषेनं काढायचं. आड असतं, पण असलंच पाहिजे असं वाटतं, ते तुटक. मला वाटतं ते मी तुटक काढलंय. आपल्या यंत्रातून बघितलं तर किड्याच्या पोटातलं दिसेल. दिसलं तर रेष भरू. नाही दिसलं तर खोडू."

"म्हणजे कल्पना केलीस!" अध्यक्ष सभेकडे वळून म्हणाले. "सद्गृहस्थहो, आजपासून आपल्या मंडळात कविता विभाग सुरू झाला."

काय हशा पिकला! एक वकील तर डोळे पुसू लागले. मी सेक्रेटरी, इतिवृत्त लिहीत होतो. तिथे मी कंसात 'हशा' असे लिहिले, आणि अक्षर वळणदार यावे म्हणून पुन्हा गिरवले. यंत्रावरची हंडी कुणी उचलली नाही. अध्यक्षांचा तळपायात शिरणारा किडाही जगात कुणी पाहिला नव्हता. पण तो ते छातीठोकपणे, अखंड रेषेने काढीत होते, म्हणून कल्पना करतो असा आरोप त्यांच्यावर आला नाही. हे मला आज लिहिता येते. त्या दिवशी मी हसणाऱ्यांत होतो.

जाता जाता अध्यक्ष म्हणाले, "एवढी खात्री आहे तर पी की ते बरणीतलं पाणी!"

"पितो," अंतोबा म्हणाला. "पण आज नको. पंधरा दिवसांनी."

पुन्हा हशा. मयेकर भ्याला, असे सगळ्यांनी धरले. जिना उतरताना मीही त्याला तसेच डिवचले, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "अरे, पिल्लू आत्ताशी कुठे किड्याच्या पोटात गेलं असेल. अंड्यातून निघालेलं पाखरू काय लगेच उडतं? त्याला वाढायला वेळ नको? आज प्यायलो आणि नारू झाला नाही, तर माझी कल्पना खोटी ठरेल की माझी घाई, ते कसं कळणार?" आम्हाला त्याची भीती दिसत होती आणि तो परीक्षा अधिक कडक करून घेत होता.

पंधरा दिवसांनी तो बरणी घेऊन आला. धोतराच्या सोग्याने पेला पुसला, पाणी ओतले, उजेडात धरून सगळ्यांना दाखवले आणि प्यायला. दुसऱ्याच्या पायाचे पाणी म्हणून दोघे सभासद उठून गेले; एकाने प्रायश्चित्ताची सूचना मांडली, आणि विज्ञानाच्या प्रसारासाठी काढलेल्या त्या मंडळात तिला अनुमोदनही मिळाले! किड्यांकडे कुणी पाहिले नाही.

त्यानंतरचे वर्ष कठीण होते, आणि ते अंतोबापेक्षा यमुनावहिनींना अधिक. नारू दुसऱ्या पाण्यातून आला असे कुणी म्हणू नये म्हणून तो केवळ नळाचे, तेही उकळलेले पाणी पिऊ लागला. लग्नाला जावो की मयताला, स्वतःचा तांब्या बरोबर. लोक त्याला 'तांब्याबुवा' म्हणत. वहिनी दोन वेळा पाणी उकळीत आणि मी गेलो की माझ्याशी बोलत नसत. एकदा मात्र चुलीपुढूनच म्हणाल्या, "भाऊजी, वाडीतल्या बायका विचारतात, तुमचे अहो वेडे झालेत का. मी सांगते, नाही, त्यांच्या पोटात गिरगावच्या विद्वानांनी नारू पेरलाय."

अकराव्या महिन्यात एक दिवस सकाळीच तो लंगडत माझ्याकडे आला. धोतर वर करून त्याने घोटा दाखवला. तिथे फोड होता. माझ्या अंगावर काटा आला; त्याचा चेहरा मात्र बारशाला निघालेल्या माणसासारखा होता. "पाहुणा आला, सेक्रेटरी!" चार दिवसांत फोड फुटून नारूने डोके काढले. अंतोबा तो काडीवर गुंडाळी आणि रोज त्याचे चित्र काढी. मी म्हटले, "आता ती तुटक रेष भरून टाक." तो म्हणाला, "का? पोटातली वाट अजून कुणी पाहिली? एका पायानं काही सिद्ध होत नाही रे. उकळताना तुझ्या वहिनीची नजर चुकली असेल, मी कुठे चूळ भरली असेन. आता तरी ते यंत्र उघडा एवढंच मी सांगणार आहे." मला आजही या बोलण्याचे नवल वाटते. कल्पनेच्या नावाने ज्याची थट्टा झाली, तो माणूस स्वतःच्या कल्पनेवर आम्हा सर्वांपेक्षा अधिक अविश्वास ठेवीत होता. ती मनात आली म्हणून ती खरी असे तो एकदाही म्हणाला नाही. ती मनात आली, म्हणून बघू या, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि बघणे हीच आमच्या मंडळात सर्वांत अवघड गोष्ट होती.

त्या शनिवारी तो पायाला फडके गुंडाळून सभेला आला. अध्यक्षांनी ऐकून घेतले. "मुंबईत नारू कुणाला होत नाही? यात नवल ते काय?"

"बरोबर आहे, साहेब. म्हणूनच यंत्र उघडावं. विहिरीच्या ताज्या पाण्यात हाच पाय बुडवलाय, ती बरणी आणलीय."

"यंत्र असल्या घाणीसाठी नाही. बघू तो पाय." अध्यक्ष खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर बसले. इतके खाली ते पूर्वी कुणासाठी आले नव्हते, म्हणून सगळे माना उंचावून बघू लागले. काडी त्यांनी हातात घेतली. "महिनाभर काडी फिरवीत बसणं हे अडाण्यांचं काम. एका दमात येतो हा."

"साहेब, नको! ओढू नका," अंतोबा म्हणाला. त्याचा आवाज मी तेवढा एकदाच चढलेला ऐकला.

त्यांनी ओढला. नारू तुटला. तुटलेला तुकडा काडीला लोंबत राहिला, बाकीचा झर्रकन आत गेला. अंतोबाने डोळे मिटले. अध्यक्षांनी रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी." इतिवृत्तात मी लिहिले: 'अध्यक्षांनी रा. मयेकर यांचा पाय तपासला.' हे वाक्य माझे आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि याहून मोठे खोटे मी आयुष्यात लिहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. इस्पितळातल्या साहेबाने पाय कापावा म्हटले, तोवर ताप डोक्यात गेला होता. मी शेवटचा भेटलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, "चूक माझीच रे. नारूच्या मनातलं ओळखलं, माणसाच्या मनात काय आहे ते ओळखता आलं नाही..." मग मी परीक्षांचे कारण सांगून निघालो, ते परत गेलो नाही.

दुखवट्याची सभा भरली. अध्यक्षांनी प्रारंभीच एक सुवार्ता सांगितली. कालच्या टपालाच्या बोटीने आलेल्या मासिकात नारूविषयी मोठा मनोरंजक लेख आहे. कुणा रशियन प्रवाशाने पूर्वीच असे दाखवले आहे म्हणे, की नारूची पिल्ले पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि त्या पाण्यावाटे माणसात येतात. पुढच्या महिन्यात त्यावर ते स्वतः व्याख्यान देणार होते. टाळ्या पडल्या. जी तोंडे वर्षापूर्वी हसून हसून दमली होती तीच तोंडे 'वाहवा, वाहवा' म्हणत होती. फणसवाडीतून जे आले ते काव्य होते. तेच समुद्रावरून, गुळगुळीत कागदावर आले तेव्हा शास्त्र झाले. आणि या दोहोंच्या मधे एक माणूस मेला होता, हे खोलीत कुणाच्या गावीही नव्हते!

मला ठराव वाचायला सांगितले. मी उभा राहिलो आणि ठरावाऐवजी इतिवृत्त वाचले. चित्राची सभा वाचली, कंसातला हशा वाचला. पाणी प्यायल्याची सभा वाचली. अंतोबाच्या शेवटच्या सभेपाशी आलो तेव्हा म्हटले, "इथे दुरुस्ती आहे. 'पाय तपासला' याऐवजी, 'रोग्याने नको म्हटले असता अध्यक्षांनी नारू ओढला व तो तुटला', असे वाचावे." मग मी यंत्रावरची काचेची हंडी उचलली आणि नळीला डोळा लावला. काही दिसेना. पितळ चकचकीत होते. आत काचेवर बुरशीचे जाळे धरले होते. किती पावसाळे ते तसेच असेल कोण जाणे. अंतोबाला ते उघडून दिले असते तरी त्याला त्यातून काही दिसले नसते, आणि अध्यक्षांना हे ठाऊक असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून मला त्या क्षणी कळले.

"सेक्रेटरी मित्राच्या शोकाने विव्हल झाले आहेत," अध्यक्ष म्हणाले. ठराव दुसऱ्या कुणी वाचला. तो एकमताने मंजूर झाला. दुरुस्ती नामंजूर झाली. मी वही टेबलावर ठेवून जिना उतरलो. यात काही शौर्य नाही. ते करायचे होते तेव्हा अंतोबाचा पाय शाबूत होता.

गेल्या आठवड्यात धीर करून फणसवाडीत गेलो. खोलीला कडी होती. शेजारीण म्हणाली, "विहिरीवर असतील." यमुनावहिनी विहिरीच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, कपाळ पांढरे, मांडीवर फडक्यांच्या घड्या. पाण्याला येणारी प्रत्येक बाई त्यांच्यासमोर घागर धरी. वहिनी घागरीच्या तोंडावर चौपदरी फडके ताणून बांधीत आणि मगच तिला खाली उतरू देत. एक पुरुष पाय धुवायला आला, त्याला त्यांनी असे फैलावर घेतले की तो आल्या पावली परतला.

"ऐकतात सगळ्या?" मी विचारले.

"हे वर्षभर समजावून सांगत होते, गाळून प्या, गाळून प्या, एक ऐकत नव्हती." त्यांनी गाठ मारली. "आता मी सांगते, फडकं बांधलं नाहीस तर माझ्या तोंडून काही तरी निघेल. विधवेच्या तोंडाला भितात, भाऊजी. भिऊ देत. पाणी तर गाळलं जातंय."

मला त्यांची क्षमा मागायची होती. दोन-तीन वाक्ये जुळवून आलो होतो. त्यांनी मधेच विचारले, "तुमच्या घागरीला आहे का?"

"नाही, वहिनी."

त्यांनी मांडीवरची घडी उलगडून दातांनी कड फाडली, टर्रकन एक पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला. अंतोबाचे जुने धोतर होते. कुंचला पुसायची त्याची जागा मांडीवर. तिथे तांबडे-पिवळे डाग धुऊन धुऊन फिके झाले होते. "चौपदरी घाला," त्या म्हणाल्या. "रोज उलटून उन्हात टाका." आणि पुढच्या बाईची घागर ओढून घेतली.

ते फडके आता माझ्या घागरीवर असते. पाणी त्यातून सावकाश उतरते. घरातली माणसे तहानेने कुरकुरतात, त्यांना मी थांबवतो. संध्याकाळी फडके सोडून गच्चीवर नेतो आणि उजेडाकडे धरतो. फिक्या तांबड्या डागावर पांढरे ठिपके असतात. नीट बघितले तर त्यांतला एखादा हलतो. भिंग लागत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसतो.